टोपलीखालचे मांजर

श्राद्धाच्या दिवशी टोपलीखाली मांजर झाकून ठेवणाऱ्या घराची गोष्ट आपण सर्वांनीच कधी ना कधी ऐकली आहे. सासूच्या काळात त्या घरात एक द्वाड मांजर होते. वाढलेल्या पानातल्या खिरीत ते तोंड घाली, म्हणून सासू त्या दिवसापुरते त्याला टोपलीखाली कोंडून ठेवी. पुढे सासू गेली, मांजरही गेले. सुनेने श्राद्ध घातले तेव्हा सगळी तयारी अगदी नीट केली आणि शेवटी शेजारणीकडे निरोप धाडला, "तेवढं तुमचं मांजर पाठवून द्या हो, झाकायचं राहिलंय!" गोष्ट इथे संपते आणि आपण हसतो. हसून झाल्यावर आपापल्या घरच्या टोपल्या उचलून पाहायचे मात्र बहुधा राहून जाते.

गेल्या मे महिन्यात माझ्या ताईचे लग्न झाले. आमचे घर वाईचे, जुने, ओटी-माजघर-परसू असे ऐसपैस. लग्न कार्यालयात होते; पण मुहूर्तमेढ, घाणा, ग्रहमख हे सगळे घरी. त्यामुळे चार दिवस घरात तीस-पस्तीस माणसे होती. आणि आमच्याकडे खरोखरीचे मांजरही होते. नाव ठकी, आणि तिला लग्नाच्या तीनच आठवडे आधी तीन पिल्ले झालेली! घरातल्यांनी कामे वाटून घेतली तेव्हा माझ्या वाट्याला दोन आली : वऱ्हाडाचा जानवसा आणि ठकी. ही वाटणी करताना कोणी फार विचार केला नसावा. पण ती दोन्ही कामे एकाच वेळी करताना मला असे वाटू लागले की यांचे शास्त्र बरेचसे एकच आहे. परक्या जागी आलेल्या जिवाला काय हवे आणि काय नको, हे त्याने तोंडाने सांगण्याच्या आत ओळखणे, हे ते शास्त्र. मांजर तोंडाने सांगू शकत नाही आणि पाहुणा संकोचाने सांगत नाही, एवढाच काय तो फरक.

या लेखात लग्नघरातील यजमानधर्म आणि मांजराच्या तऱ्हा या दोहोंची थोडी फोड करून सांगण्याचा विचार आहे. आपल्यापैकी अनेकांच्या घरी येत्या वर्ष-दोन वर्षांत कोणाचे ना कोणाचे लग्न निघणारच आहे आणि वसतिगृहाच्या खानावळीमागे मांजरांना तोटा नाही. तेव्हा दोन्ही विषय उपयोगी पडावेत.

रीत आणि रीतीचे कारण

लग्नातल्या बहुतेक रीतींना कधीकाळी चांगले कारण होते. सीमांतपूजन घ्या. शब्दच सांगतो की गावाच्या सीमेवर करायचे हे पूजन. वऱ्हाड बैलगाड्यांतून, उन्हातान्हातून येई. गावच्या वेशीपाशी त्याला सामोरे जाणे, पाय धुवायला पाणी देणे, हातावर गूळ ठेवून पाणी पाजणे यात सरळ सरळ माणुसकी होती. पाय धुळीने भरलेले असत, घसा कोरडा पडलेला असे. जानवसा म्हणजे वऱ्हाडाचे उतरण्याचे स्वतंत्र घर. तेही याचसाठी, की दमलेल्या माणसाला चार भिंतींच्या आत पाय पसरता यावेत आणि वधूपक्षाच्या गडबडीचा त्याला उपद्रव होऊ नये.

केळवण हे त्याहून शहाणपणाचे. ज्या घरात कार्य आहे तिथल्या बायांना लग्नापूर्वीच्या दिवसांत स्वयंपाकातून थोडी सुटका मिळावी आणि आप्तांना आपले प्रेम दाखवता यावे, अशी दुहेरी सोय. आहेराचेही तसेच. ज्याच्या घरी कार्य त्याच्यावर एकदम खर्च पडतो. सर्वांनी थोडे थोडे दिले की त्याचा भार हलका होतो. म्हणून तर आहेराची वही ठेवीत आणि दुसऱ्याच्या घरी कार्य निघाले की वही काढून बघत. आमच्या आजीकडे तशी एक वही अजून आहे. त्या वहीत कोणी पाच रुपये, कोणी खण, कोणी 'पातेले एक, लहान' असे लिहिलेले आहे. वाचताना ती मला एखाद्या गावच्या सहकारी पतपेढीच्या खतावणीसारखी वाटली.

कारण जिवंत असले की रीत जिवंत राहते. कारण मेले आणि रीत राहिली, की ती टोपलीखालचे मांजर होते. वऱ्हाड आता वातानुकूलित बसमधून उतरते. त्याच्या पायाला धूळ नसते, बूट असतात. तरी वधूच्या आईने वाकून विहिणीचे पाय धुण्याची रीत अनेक घरांत चालू आहे. आणि गंमत अशी की धूळ गेली तरी वाकणे राहिले; किंबहुना धूळ गेल्यामुळे आता उरले आहे ते केवळ वाकणेच. स्वागत होते तोवर ते शोभत होते. केवळ कोण वर आणि कोण खाली हे दाखवण्यापुरते उरले की ते बोचू लागते.

आपल्याकडे हा विचार कोणी केलाच नाही असे मात्र नाही. महात्मा फुल्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षी भटभिक्षुकांना न बोलावता, अगदी थोड्या खर्चात सत्यशोधक पद्धतीने पहिले लग्न लावून दाखवले. हुंडा देणे-घेणे १९६१ च्या कायद्याने गुन्हा ठरले. पण कायद्याच्या कलमात 'मानपान' हा शब्द सहजी सापडत नाही. तो पाहुण्यासारखा मागच्या दाराने येतो आणि पाटावर बसतो.

ठकीचे काय करायचे?

लग्नाला पंधरा दिवस असताना वरपक्षाकडून निरोप आला. मुलाच्या आत्याबाईंना दमा आहे, मांजर असलेल्या घरात त्यांचा श्वास लागतो. घरात मांजर आहे का, एवढेच त्यांनी विचारले होते. पण आमच्याकडे लगेच बैठक बसली. एका काकांनी उपाय सुचवला, तो पिढीजात. "पोत्यात घालून नदीपलीकडं सोडून देऊ. कार्य झाल्यावर बघू." आजी एवढेच म्हणाली, "तीन पिल्लांची आई आहे ती. लग्नाच्या घरातून लेकुरवाळीला हाकलायचं? आणि तिचं काही बरंवाईट झालं तर काशीला सोन्याचं मांजर तू देणार आहेस का?" मांजर मेले तर काशीला सोन्याचे मांजर दान द्यावे लागते ही समजूत जुनी आहे. सोन्याचा त्या आठवड्याचा भाव काकांना ठाऊक होता, त्यामुळे ते गप्प बसले.

समजुतीने वाद थांबला, पण प्रश्न सुटला नव्हता. आत्याबाईंचा दमा खरा होता. तेव्हा मी गावातल्या पशुवैद्यांना जाऊन विचारले आणि मिळेल ते वाचले. त्यातून एक गोष्ट कळली, ती सर्वांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. मांजराच्या केसांनी त्रास होतो असे आपण म्हणतो, पण खरा त्रास देते ते त्याच्या लाळेत आणि कातडीत असणारे एक प्रथिन. मांजर दिवसभर अंग चाटत असते. ती लाळ वाळते, तिचे अतिसूक्ष्म कण हवेत तरंगतात, गाद्यांवर, पडद्यांवर, कपड्यांवर बसतात. मांजर घरातून गेले तरी ते कण कित्येक महिने तिथेच राहतात. म्हणजे ठकीला नदीपलीकडे सोडून आत्याबाईंना काडीचाही उपयोग होणार नव्हता. उपाय एकच होता, आणि तो मांजराकडे नव्हे तर यजमानाकडे होता : आत्याबाईंना आमच्या घरात आणूच नये, त्यांची उतरण्याची सोय कार्यालयाच्या खोल्यांत करावी आणि व्याह्यांच्या भेटीचा जो समारंभ घरी व्हायचा होता तोही तिथेच करावा. बाबांनी फोन करून तसे मोकळेपणाने कळवले. आत्याबाईंचा उलट फोन आला, "इतकं कोणी विचारत नाही हो. मी नेहमी गोळी घेऊन बसते आणि लवकर उठून येते."

यजमानधर्माचा पहिला नियम मला इथे मिळाला. पाहुण्याने अडचण सांगितली तर तिचे कारण नीट समजून घ्यावे. घाईने केलेली व्यवस्था दिसायला मोठी असते, पण तिने पाहुण्याची अडचण दूर होत नाही आणि घरातल्या कोणा मुक्याचा मात्र बळी जातो.

मांजराच्या बाजूने लग्न

आता तीस माणसांच्या घरात ठकीने राहायचे कसे? यासाठी लग्न मांजराच्या बाजूने कसे दिसत असेल याचा विचार करावा लागतो.

माणसाच्या कानाला सेकंदाला वीस हजार कंपनांपर्यंतचा आवाज कळतो. मांजराला साठ हजारांच्या पलीकडचाही कळतो. उंदराच्या बारीक चीत्काराचा माग काढण्यासाठी घडलेला हा कान. त्याच्या शेजारी बँड वाजवायचा म्हणजे काय होत असेल! दुसरे, मांजर घर ओळखते ते बरेचसे वासाने. ते खांबाला, दाराच्या चौकटीला, आपल्या पायांना गाल आणि डोके घासते, तेव्हा गालांवरच्या ग्रंथींतला वास तिथे लावत असते. आपण त्याला लाड समजतो. आणि ते लाडही असतात, पण त्यात 'हे माझे' अशी नोंदही असते. लग्नाआधी आपण घराला रंग देतो, फरशी फिनेलने पुसतो, सामान हलवतो. म्हणजे त्या बिचाऱ्या जिवाची सगळी नोंदवही एका दिवसात धुऊन टाकतो आणि वर तीस अनोळखी माणसे आणतो. मग ते कपाटावर जाऊन बसले की म्हणतो, 'माणूसघाणं आहे मेलं.'

त्यातून ठकी लेकुरवाळी. मांजर पिल्लांना सात घरे फिरवते असे आपण म्हणतो. जागा गजबजली, कोणी सारखे डोकावू लागले की आई पिल्लांना मानेशी तोंडात धरून दुसरीकडे हलवते. लग्नघरात ती कुठे हलवील याचा नेम नाही. पूर्वी एकदा शेजारच्या काकूंच्या मांजरीने पिल्ले रुखवताच्या पेटीत नेऊन ठेवली होती म्हणतात. म्हणून आम्ही आठवडाभर आधीच आजीची आतली खोली तिला दिली. पुठ्ठ्याचे मोठे खोके आडवे टाकून त्यात आजीचे जुने लुगडे घातले. ते न धुतलेलेच, कारण ओळखीचा वास हवा. एका कोपऱ्यात वाळूचे घमेले, त्याच्या समोरच्या कोपऱ्यात खाणे, आणि पाणी खाण्यापासूनही थोडे दूर. नेदरलँड्समध्ये निराधार मांजरांच्या निवाऱ्यात एक प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. नव्याने आलेल्या ज्या मांजरांना लपायला खोके दिले ती इतरांपेक्षा लवकर निवळली. मांजराला सिंहासन नको असते. अंगाला चिकटून बसणारे, तीन बाजू झाकलेले खोके हवे असते.

ही खोली तयार करताना मला जानवशाची यादी पुन्हा काढून वाचावीशी वाटली. आम्ही तिच्यात गुलाबपाणी, अत्तरदाणी, पेढ्यांची पुडी असे सगळे लिहिले होते. पण वयस्कांसाठी उंच बैठकीचा संडास कोणत्या खोलीला आहे, पहाटे पाचला चहा कोण देणार, बिनसाखरेचा चहा कितीजणांना, फोन लावायला भिंतीत जागा किती, आतून नीट लागणारी कडी आहे का, हे लिहिलेच नव्हते. मी ते लिहिले. जानवशातल्या एका आजोबांनी दुसऱ्या दिवशी मला मुद्दाम बोलावून विचारले, "बाळ, ही खुर्ची न्हाणीघरात कोणी ठेवली?" मी ठेवली म्हटल्यावर त्यांनी खिशातून एक लिमलेटची गोळी काढून दिली. अत्तराविषयी मात्र कोणी काही बोलले नाही.

मांजर असलेल्या लग्नघरासाठी तीन धोक्यांच्या सूचना इथेच नोंदवते. पहिला धोका दोऱ्याचा. मुंडावळ्या, जरीचे धागे, गजऱ्यांचे दोरे सगळीकडे लोळत असतात. मांजराच्या जिभेवर मागे वळलेले बारीक काटे असतात, त्यामुळे तोंडात गेलेला दोरा त्याला थुंकता येत नाही, तो आतच जातो. आणि आतड्यात अडकला तर आतडे चुणीसारखे गोळा होऊन जीव जाऊ शकतो. असा दोरा तोंडातून किंवा मागून दिसला तर ओढू नये, थेट पशुवैद्य गाठावा. दुसरा धोका फुलांचा. हल्ली गुच्छांत आणि व्यासपीठावर मोठ्या पाकळ्यांची परदेशी लिली असते. तिचे पान, पाकळी, अंगावर सांडलेला परागसुद्धा चाटला तर मांजराची मूत्रपिंडे निकामी होतात. तो गुच्छ घरात आणूच नये. तिसरा धोका उरलेल्या अन्नाचा. कांदा-लसूण मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी नष्ट करतो. तेव्हा 'बिचारीला दोन घास' म्हणून रश्श्यातला भात घालू नये.

गोडाची मात्र काळजी नको. जिलब्यांची परात उघडी असतानाही ठकी तिच्याशेजारून तोंड फिरवून गेली, तेव्हा आचारी म्हणाले, "वास आवडला नाही वाटतं आमचा." तसे नव्हे. मांजराला गोड लागतच नाही. गोडाची चव घ्यायला जी दोन जनुके लागतात त्यांतले एक मांजराच्या कुळात निकामी झालेले आहे, हे २००५ साली संशोधकांनी दाखवून दिले. बासुंदीकडे ते वळते ते साखरेसाठी नव्हे, स्निग्धतेसाठी. आणि दुधाविषयी आपली जी कल्पना आहे तीही तपासून घेण्यासारखी आहे : मोठ्या झालेल्या बहुतेक मांजरांना दूध नीट पचत नाही. मिटल्या डोळ्यांनी पितात खरी, पण पोट बिघडते ते आपल्याला दिसत नाही.

आग्रह

महाराष्ट्रातल्या पंगतीचा प्राण म्हणजे आग्रह. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाज्या, मध्ये भाताची मूद, वरण आणि वरून तूप. तूप वाढून झाल्याखेरीज कोणी हात लावायचा नाही. आणि मग जिलबीचे ताट घेऊन यजमान पंगतीत फिरतो. पाहुणा पानावर आडवा हात धरतो, यजमान हाताच्या बोटांमधून जिलबी सोडतो. या खेळाचेही मूळ चांगलेच होते. पहिल्यांदा विचारल्यावर 'हो' म्हणणे हावरटपणाचे समजले जाई. भुकेल्या पण संकोची माणसाला पोटभर जेवता यावे म्हणून यजमानानेच त्याचा संकोच मोडायचा, हा आग्रहाचा अर्थ.

आज पंगतीला बसलेल्यांत अर्ध्यांना मधुमेह, रक्तदाब, पथ्य. तिथे जुन्या मापाने आग्रह केला तर माणूस एकतर आजारी पडतो किंवा पान टाकतो. मग आग्रह टाकूनच द्यावा काय? मला तसे वाटत नाही. त्याची पद्धत मांजराकडून शिकावी असे वाटते. अनोळखी मांजराला उचलून घेतले की ते ओरबाडते. त्याच्यासमोर बोट धरून थांबावे. ते येते, हुंगते, गाल घासते किंवा निघून जाते. ससेक्स विद्यापीठातल्या अभ्यासकांनी २०२० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. माणसाने मांजराकडे पाहून सावकाश डोळे मिटून उघडले, तर मांजरही तसेच करते आणि जवळ येण्याची शक्यता वाढते. रोखून पाहणे त्याला धमकीसारखे वाटते. पाहुण्यांपैकी ज्यांना मांजर मुळीच आवडत नाही नेमके त्यांच्याच मांडीवर ते का जाऊन बसते, याचाही उलगडा यातून बराचसा होतो. बाकीचे टक लावून 'ये ये' करीत असतात. हा एकटाच सभ्य माणूस नजर दुसरीकडे वळवून स्वस्थ बसलेला असतो!

आम्ही वाढप्यांना सांगून ठेवले : पहिल्यांदा अर्धी वाटी वाढा, पण तीनदा फिरा. 'आणखी वाढू?' असे विचारा आणि क्षणभर थांबा. हात आडवा आला तर पुढे जा; पण पुन्हा या. म्हणजे संकोची माणसाला दुसरी आणि तिसरी संधी मिळते आणि ज्याला नको आहे त्याचे पान वाचते. दुसऱ्या पंगतीनंतर पत्रावळी उचलणाऱ्या मावशी म्हणाल्या, "आज टोपल्या हलक्या आहेत." यजमानाला यापेक्षा चांगले प्रशस्तिपत्र मिळत नाही.

पंगतीची आणखी एक कसोटी आहे. वाजंत्रीवाले, गाड्यांचे चालक, भांडी घासणाऱ्या बाया यांची पाने कधी मांडली जातात? सगळे संपल्यावर, निवलेल्या मसालेभातावर? यजमान शेवटी जेवतो ही आपली जुनी रीत. पण यजमानाच्या आधी कोण कोण जेवले ते बघावे. आमच्या आजीने बँडवाल्यांची पंगत दुसरी लावायला लावली. "फुंकून फुंकून त्यांच्या पोटात खड्डा पडलाय, गायक म्हणून मिरवणाऱ्या तुमच्या मामांचा नाही," असे तिचे म्हणणे होते.

शेजारणीचे मांजर

आता विहिणीच्या पायांविषयी. यादी करताना आमच्या बाजूच्या वडीलधाऱ्यांनी चांदीचे ताम्हन, विहिणीचे पाय धुणे, तिच्या स्वतंत्र पंगतीचा थाट, झालीचा मान असे सगळे लिहून काढले होते. ताईने यादी वाचली आणि म्हणाली, "आईची गुडघेदुखी मला माहीत आहे. ती कोणापुढे वाकणार असेल तर आजीपुढे वाकेल. दुसऱ्या कोणापुढे मी तिला वाकू देणार नाही." घरात एकदम शांतता पसरली. आई म्हणाली, "अगं, एका दिवसाचं तर आहे. त्यांच्याकडे लागत असेल. उद्या तुला तिथं नांदायचंय." ही दोन वाक्ये मुलीच्या आया किती पिढ्या म्हणत आल्या असतील! या भीतीपोटी कर्ज काढलेली घरे आमच्याच आळीत आहेत.

दोन दिवस हा विषय घरात धुमसत राहिला. शेवटी बाबांनी व्याह्यांना फोन केला आणि आडपडदा न ठेवता विचारले. पलीकडून विहीणबाईच बोलू लागल्या. त्यांना स्वतःला ते मुळीच नको होते. त्यांच्या लग्नात त्यांच्या आईला वाकताना त्यांनी पाहिले होते आणि ते त्या विसरल्या नव्हत्या. "पण तुमच्याकडे रीत असेल, मी नको म्हटलं तर तुम्हाला अपमान वाटेल, म्हणून गप्प होते," असे त्या म्हणाल्या. म्हणजे आम्ही त्यांच्यासाठी आणि त्या आमच्यासाठी, असे दोघांनी मिळून एकाच टोपलीखाली शेजारणीचे मांजर झाकून ठेवले होते. लग्नाच्या दिवशी दोन्ही विहिणी शेजारी शेजारी एकाच पंगतीला बसल्या. ओट्या भरल्या, हळदकुंकू झाले, उखाणे झाले. कशातच काही उणे पडले नाही. आईच्या पंगतीला बसण्यामुळे वाढायला एक माणूस कमी पडले, ते व्याह्यांनी स्वतः पंचा खांद्यावर टाकून भरून काढले.

सर्वच घरी असे होईल असे मी म्हणत नाही. काही ठिकाणी विचारल्यावर 'हो, आमच्याकडे लागतंच' असेच उत्तर येते. तसे आले तर निदान आपण कोणत्या घरात मुलगी देत आहोत हे लग्नाआधी कळते. न विचारता वाकण्यात तेवढाही लाभ नाही.

जाता जाता अपशकुनाविषयी एक. पहाटे साडेपाचला आम्ही कार्यालयाकडे निघालो आणि आळीतला काळा बोका आडवा गेला. चालकाने गाडी थांबवली. मांजर पहाटे आणि तिन्हीसांजेला हिंडते, कारण त्याची शिकार त्या वेळी बाहेर पडते. आणि आपले गोरज मुहूर्त आणि पहाटेची निघण्याची वेळ नेमकी तीच. दोघांची रहदारी एकाच वेळची, त्याला तो तरी काय करणार? आजी मागच्या बाकावरून म्हणाली, "त्याला घाई असेल, जाऊ दे त्याला. आता आपण निघू."

नव्या घरी

मांजर नव्या घरात न्यायचे असेल तर पशुवैद्य सांगतात : पहिले काही दिवस एकच खोली द्या. त्याच्या अंगाखालचे जुने फडके बरोबर न्या. खाण्याच्या वेळा बदलू नका. ते पलंगाखाली जाऊन बसले तर ओढून काढू नका. ते आपण होऊन बाहेर येते. भेटायला येणाऱ्यांची रांग लावू नका. मांजर घराचे आणि कुत्रा माणसाचा असे आपण म्हणतो. पण अमेरिकेतल्या ऑरेगन स्टेट विद्यापीठात २०१९ साली झालेल्या अभ्यासात जवळजवळ दोनतृतीयांश मांजरांचा आपल्या माणसाशी भक्कम लळा दिसून आला. त्याला माणूसही लागते. मात्र ते वेळ घेते.

हे सगळे आपण मांजरासाठी विनातक्रार करतो. नवी सून घरात आली की काय करतो? माप ओलांडून ती आत येते, त्याच संध्याकाळी पन्नास जणांच्या पाया पडते, नाव घेते, कोणाची कोण हे पाठ करते आणि दुसऱ्या सकाळी तिच्या हातची चव बघायला सगळे पाटावर बसतात. ती जरा खोलीत जाऊन बसली तर 'मिसळत नाही' असा शेरा पडतो. जुन्या लोकांना या अडचणीची जाण होती असे मला वाटते. म्हणून त्यांनी पाठराखीण ही रीत घातली. सासरी जाताना मुलीबरोबर माहेरची एक बाई किंवा धाकटी बहीण जायची. ओळखीचा वास असलेले फडकेच ते. ही रीत हल्ली जुनाट म्हणून बंद पडत चालली आहे. माझ्या मते जिचे कारण पुरते जिवंत आहे अशी ही एक रीत आहे आणि ती आपण सोडून देत आहोत.

ताईबरोबर पाठराखीण म्हणून मी सोलापूरला गेले. विहीणबाईंनी पहिल्याच दिवशी ताईला तिची खोली दाखवली, कपाटाचे दोन खण रिकामे करून ठेवलेले दाखवले आणि म्हणाल्या, "दमली असशील. कडी लावून झोप. कोणी हाक मारणार नाही, मी बघते." त्यांनी खरोखरच कोणाला हाक मारू दिली नाही. पूजेच्या दिवशी आलेल्या बायांनी 'सूनबाईंच्या हातचं काही?' असे विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "तिच्या हातचं खायला आम्हाला जन्म पडलाय. आज माझ्या हातचं घ्या."

पाचव्या दिवशी सकाळी मी जागी झाले तेव्हा ताई अंथरुणात नव्हती. स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज येत होता आणि ताई विचारत होती, "आई, चहाची पूड कुठल्या डब्यात असते?" त्याच दुपारच्या गाडीने मी परत निघाले.